पेठ आहे, बाजार कुठाय?

ऑनसाइटहून परत आलेल्या प्रत्येक मित्राच्या फोनमध्ये एक अल्बम हमखास असतो. लंडन, बिग बेन, टॉवर ब्रिज झालं की मग येतं 'इंग्लिश कंट्रीसाइड'! टेकडीवरचं छोटंसं गाव, मधाच्या रंगाची दगडी घरं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, गावाच्या मधोमध बाजाराचा चौक, कोपऱ्यावर एक पब... फोटो संपले की ठरलेला डायलॉग येतोच. "आपल्याकडे असं काहीच नाही यार!"

हा डायलॉग मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्यावर चिडायचंही सोडून दिलं होतं. पण यंदा पाऊस ओसरल्यावर एक शनिवार रिकामा मिळाला आणि ठरवलं, शोधूनच बघू. डोंगरावरचं, इतिहास असलेलं, बाजाराचं गाव. तेही पुण्यापासून एका दिवसात जाऊन येता येईल असं. शोध संपला तो मुळशी तालुक्यात. मुळशी म्हणजे कुठेतरी लांब, असं वाटत असेल तर एक गंमत सांगते. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातच आहे. म्हणजे तुमच्यापैकी निम्मे लोक रोज सकाळी ट्रॅफिकला शिव्या घालत मुळशीलाच जातात!

मेंढ्यांसाठी बांधलेला चौक

निघायच्या आधी थोडा होमवर्क केला. त्या फोटोंमधलं एक लाडकं गाव म्हणजे कॉट्सवोल्ड्स भागातलं 'स्टो-ऑन-द-वोल्ड'. साधारण आठशे फूट उंचीच्या टेकडीवर वसलेलं. ते तिथे वसलं ते व्ह्यूसाठी नाही, रस्त्यांसाठी. 'फॉस वे' हा रोमन काळातला रस्ता तिथून जातो आणि आणखी रस्ते येऊन त्याला मिळतात. जिथे रस्ते भेटतात तिथे माणसं थांबतात आणि माणसं थांबली की विक्री सुरू होते. इ.स. ११०७ मध्ये राजा पहिल्या हेन्रीने तिथे आठवड्याचा बाजार भरवायची सनद दिली. पुढे तिथली मेंढ्यांची जत्रा एवढी वाढली की 'रॉबिन्सन क्रूसो'वाल्या डॅनियल डिफोने एका जत्रेत वीस हजारांवर मेंढ्या विकल्या गेल्याची नोंद करून ठेवली आहे. आज आपण ज्या चिंचोळ्या बोळांत उभं राहून सेल्फी काढतो ना, ते बोळ मेंढ्या रांगेत चौकात आणायला आणि मोजायला सोयीचे म्हणून तसे!

थोडक्यात काय, तर आधी बाजार आला आणि क्यूटपणा नंतर. हे कळलं आणि शोधाचा फॉर्म्युला हातात आला. डोंगर हवा, डोंगरावरून जाणारी वाट हवी आणि त्या वाटेवर खरेदी-विक्रीची जागा हवी.

मग नकाशावर बोट फिरवताना एक नाव दिसलं. पेठ शहापूर. कोरीगड किल्ल्याच्या पायथ्याचं गाव, थेट घाटमाथ्यावर. 'पेठ' म्हणजे काय ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. कसबा, शनिवार, बुधवार करत आपण पेठांतच वाढलो. एवढंच काय, इंग्रजांनी महाबळेश्वरला हवा खायला गाव वसवलं, तेव्हा त्यांनाही बाजार लागलाच. आणि त्याला नाव पडलं माल्कम पेठ. तर मग डोंगरावरच्या एका आडगावाच्या नावात 'पेठ' आली कुठून? चलो, गाडी काढा!

पौड : तालुक्याचं दुकान

आम्ही चौघं. दोन मैत्रिणी, स्टिअरिंग कुणाच्याही हाती न देणारा एक मित्र आणि मी. लोणावळ्यावरून जायचा सरळ रस्ता सोडून मुद्दाम उलटा वळसा घ्यायचं ठरलं. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी धरण, मग ताम्हिणीच्या अलीकडे निव्याला उजवीकडे वळून घाटमाथ्यावरून पेठ शहापूर आणि शेवटी लोणावळा. दिवसभराचा गोल चक्कर!

चांदणी चौकातला नवा पूल ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच साहित्यप्रकार वाचायला मिळतो, तो म्हणजे प्लॉटच्या जाहिराती. 'एनए बंगलो प्लॉट्स', 'लेक व्ह्यू', 'गेटेड कम्युनिटी', 'पुण्यापासून फक्त अमुक मिनिटांवर'. ती मिनिटं बहुधा हेलिकॉप्टरची असावीत.

पौडला पहिला थांबा. मुळशी तालुक्याचं मुख्य ठिकाण हेच. तहसील कचेरी, कोर्ट, पोलीस स्टेशन आणि या सगळ्यांच्या आजूबाजूला दुकानंच दुकानं. मिसळ येईपर्यंत मी एक फेरी मारून आले. ताडपत्र्या, गमबूट, विळे, कोयते, खताच्या गोण्या, पाइपची भेंडोळी, स्टेशनरीच्या दुकानात स्टॅम्पच्या पाट्या, मोबाइल रिचार्ज, आणि एका दुकानाबाहेर लग्नाच्या फेट्यांची रांग. कुणी सात-बाराचा उतारा काढायला आलंय, कुणी तारखेला आलंय, आणि आलोच आहोत तर जाताना तेल-मीठ घेऊन चाललंय. दिसायला काहीही खास नाही. इन्स्टावर टाकायला एक कोपरा सापडायचा नाही. पण बाजाराचं गाव म्हणतात ते हेच! स्टोच्या चौकातही एके काळी असंच असणार. चिखल, मेंढ्यांचा वास आणि भावावरून भांडणं.

फक्त पौड डोंगरावर नाही. म्हणजे फॉर्म्युल्यातली एक अट कमी. पुढे निघालो.

ज्या गावाचं नाव, तेच पाण्यात

पौड सोडलं की थोड्याच वेळात डावीकडे... नाही, सगळीकडेच, पाणी दिसायला लागतं. मुळशी धरणाचा जलाशय. इथे गाडी थांबतेच थांबते. भुट्टे, चहा, फोटो. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन, काठाला भाताची पिवळी पडत चाललेली खाचरं, मागे डोंगरांच्या निळ्या रांगा. स्क्रीनसेव्हरच!

पण तालुक्याचं ठिकाण पौड असून तालुक्याचं नाव मुळशी का, याचं उत्तर या पाण्यात आहे. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ हे धरण बांधायचं ठरलं. त्यात मुळशीसह खोऱ्यातली गावं आणि भाताची उत्तम जमीन जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी कामावर बसकण मारली. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट या सत्याग्रहाचे पुढारी झाले आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना इथेच मिळाली. पुण्याच्या सेनापती बापट रोडवरच्या चकाचक ऑफिसांत काम करणाऱ्यांनी हे नाव कुठून आलं ते एकदा इथे उभं राहून आठवावं. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे महत्त्वाचे सहकारी. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं.

लढा हरला. १९२७ पर्यंत धरण उभं राहिलं. पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, कोकणात भिरा इथल्या वीजघराकडे नेलं गेलं आणि त्या विजेवर मुंबई उजळली. लढ्यात आणखी एक पदर होता. बऱ्याच जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या. त्यामुळे मोबदल्याचा पैसा आणि जमीन कसणारा हात, यांची अनेकदा भेटच झाली नाही.

'लेक व्ह्यू'ची ती जाहिरात आठवली आणि भुट्टा जरा सावकाश चावला गेला.

मीठ वर, तांदूळ खाली

ताम्हिणीच्या रस्त्याने निव्याला पोचलो की उजवीकडे एक रस्ता फुटतो. मंडळी, पुण्याजवळच्या सगळ्यात सुंदर ड्राइव्ह्जची यादी केली तर हा रस्ता पहिल्या तीनात यावा! उजवीकडे डोंगर, डावीकडे कधी जंगल तर कधी सरळ कोकणात कोसळणारे कडे. पिंपरीला अंधारबनच्या ट्रेकवाल्यांच्या बस उभ्या. पुढे भांबर्डे. इथून तैल-बैला दिसतो. दोन प्रचंड कातळभिंती, कुणीतरी उभ्या करून विसरल्यासारख्या. बाजूला घनगड. रस्त्याकडेला सोनकीची पिवळी फुलं. गाडीतली गाणी कुणी बंद केली ते कळलंच नाही.

आपण इथे सह्याद्रीच्या अगदी कडेवर असतो. कडेवरून खाली डोकावलं की सुधागड आणि पालीचा मुलूख. तैल-बैलाजवळून सवाष्णी घाट आणि वाघजाई घाट या दोन जुन्या वाटा खाली उतरतात. खाली नागोठण्याची खाडी, म्हणजे समुद्राचं बंदर. आणि वर घाटमाथ्यावर एकापाठोपाठ एक किल्ले. कोरीगड, घनगड. या भागाचं जुनं नाव कोरबारसे मावळ.

आता कोडं सुटायला लागतं. रेल्वे नव्हती, हायवे नव्हता, तेव्हा कोकण आणि देश यांच्यातला व्यापार अशाच घाटवाटांनी चाले. कोकणातून मीठ वर यायचं, देशावरून धान्य खाली जायचं. ओझी माणसांच्या डोक्यावर आणि बैलांच्या पाठीवर. दोन-अडीच हजार फुटांची चढण चढून आलेला बैल आणि त्याचा मालक, दोघंही माथ्यावर थांबणारच. त्यांना पाणी हवं, चारा हवा, मुक्काम हवा. वाटेवर नजर ठेवायला किल्ला, जकात घ्यायला चौकी आणि किल्ल्याच्या पायथ्याला पेठ. सह्याद्रीत ही रचना पुन्हा पुन्हा दिसते. आपला 'फॉस वे' हाच! फक्त मेंढ्यांच्या जागी बैल आणि लोकरीच्या जागी मीठ.

पेठ शहापूर

सालतर खिंड ओलांडून, आंबवणे गावावरून आम्ही पेठ शहापूरला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. उत्सुकता एवढी ताणली होती की गाडी थांबायच्या आधीच मी दार उघडलं.

आणि?

एक डांबरी रस्ता. काही घरं, काही पत्र्याची तर काही स्लॅबची. एसटीचा थांबा. रस्त्याच्या कडेला पाच-सहा टपऱ्या. चौक नाही, दगडी दुकानांची ओळ नाही, जुन्या पेठेची म्हणून दाखवावी अशी एकही गोष्ट नजरेला पडली नाही. मित्राने नुसतं माझ्याकडे पाहिलं. काही बोलला नाही, हेच नशीब.

एका टपरीत शिरलो. मावशी कांदाभजी तळत होत्या. चहाची ऑर्डर दिली आणि विचारलं, "मावशी, इथे पूर्वी बाजार भरायचा का हो? गावाचं नाव पेठ म्हणून विचारतेय."

मावशी हसल्या. "आमच्या सासूबाई म्हनायच्या, व्हती म्हनं पेठ. पन त्यांनी बी ऐकल्यालंच. कुनी पाह्यली न्हाई."

"मग आता बाजाराला कुठे जाता?"

"लोनावळ्याला. आन कागदाचं काम आसलं तर पौडाला. निम्मा दिस जायलाच लागतो ताई. बाजार आमच्या गावाच्या नावात ऱ्हायला, आन आमी फिरतोय एसटीनं."

टपरीत सगळेच हसले, मावशी सगळ्यांत जास्त. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

गेला कुठे मग बाजार? उत्तर फार अवघड नाही. १८३० मध्ये बोर घाटातून चाकाच्या गाड्यांचा पक्का रस्ता सुरू झाला. त्याचं उद्घाटन माल्कम पेठवाल्या त्याच जॉन माल्कम यांच्या हस्ते झालं. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर आली. मालाने आपली वाट बदलली. इथून वीसेक किलोमीटरवरचं लोणावळा स्टेशन मोठं झालं आणि मधल्या सगळ्या घाटवाटा हळूहळू गावकऱ्यांपुरत्या, गुराख्यांपुरत्या उरल्या. आता तिथे आपण बॅगा लावून ट्रेकला जातो आणि फी भरतो! पेठ कुणी लुटली नाही, जाळली नाही. तिच्यासमोरून जाणारा रस्ता तेवढा दुसरीकडून जायला लागला.

गडावर

भजी पोटात गेल्यावर गड चढणं अवघड, पण कोरीगड फार त्रास देत नाही. पायथ्यापासून वरपर्यंत पायऱ्या आहेत. आमच्यासारख्या डेस्क जॉबवाल्यांनासुद्धा पाऊण तास पुरला. वाटेत गुहा, पाण्याची टाकी आणि गणपतीचं छोटं देऊळ लागतं. मग गणेश दरवाजा, आणि आत शिरलं की एकदम मोकळं, सपाट पठार. समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट!

कोरीगडाची खरी शान म्हणजे त्याची तटबंदी. गडाच्या सगळ्या कडेने ती फिरते आणि आजही बऱ्यापैकी शाबूत आहे. तिच्यावरून चालत गडाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. वर दोन तळी, कोराई देवीचं मंदिर आणि काही तोफा. सगळ्यांत मोठ्या तोफेचं नाव 'लक्ष्मी'. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्यासोबत हा गड स्वराज्यात आणला. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने त्याला वेढा घातला. एक तोफगोळा दारूकोठारावर पडला, भडका उडाला आणि १४ मार्चला गड पडला. पुढच्या बाराच वर्षांत बोर घाटाचा रस्ता झाला. म्हणजे एका पिढीने किल्ला जाताना पाहिला आणि त्याच पिढीने वाट जाताना पाहिली.

तटावर बसलो. हवा एकदम स्वच्छ होती. तुंगाचा सुळका, तिकोना, लांबवर नागफणी आणि दुसऱ्या अंगाला सकाळी पाहिलेल्या मुळशीच्या पाण्याची चमकती रेघ. मग पायाखाली पाहिलं.

गेटच्या आत, गेटच्या बाहेर

गडाच्या बरोबर पायथ्याला एक पूर्ण शहर पसरलंय. आखीव रस्ते, तळी, एकसारख्या छपरांचे बंगले, आणि चक्क विमानाची धावपट्टी. ॲम्बी व्हॅली. सहारा समूहाने या शतकाच्या सुरुवातीला आंबवणे परिसरात उभं केलेलं, दहा हजार एकरांहून मोठं खासगी शहर. गडाच्या तटावरून ते पाहणं म्हणजे सरळ गुगल अर्थ!

मुळशीच्या दुसऱ्या टोकाला, मोसे खोऱ्यात, असंच एक दुसरं शहर आहे. लवासा. इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, रंगीत इमारतींच्या रांगेसह. लवासाला आपण सगळेच एकदा तरी जाऊन आलोय आणि त्या पाण्याकाठच्या कठड्यावर फोटो काढलेत. 'आपल्याकडे असं का नाही?' या प्रश्नाचं रेडिमेड उत्तर म्हणूनच ही दोन्ही शहरं आली होती.

पुढचं आपल्याला माहीत आहे. लवासाचं काम नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने थांबवलं, वर्षभराने अटींवर मंजुरी मिळाली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ॲम्बी व्हॅली सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये जप्त करायला आणि लिलावात काढायला सांगितली. एप्रिल २०२५ मध्ये ईडीने तिथल्या ७०७ एकरांवर टाच आणली. कोर्टकचेऱ्या, कर्ज, परवानग्या, सगळ्याची कारणं वेगवेगळी आणि मोठमोठी आहेत. त्यात मी पडत नाही.

पण तटावर बसून दोन्हीकडे पाहताना एक साधी गोष्ट दिसली. एका बाजूला गेट असलेलं शहर. दुसऱ्या बाजूला, त्याच गेटच्या बाहेरच्या रस्त्यावर, मावशींची टपरी. शहरात सगळं होतं. गोल्फ, धावपट्टी, तळी. फक्त वाट नव्हती. म्हणजे ज्या वाटेवरून कुणीही, न विचारता, ओझं घेऊन येईल, थांबेल, विकेल, विकत घेईल आणि पुढे जाईल अशी वाट. पोर्टोफिनोचा रंग उचलता येतो, स्टोची खिडकीतली कुंडी उचलता येते. पण पोर्टोफिनो आधी कोळ्यांचं बंदर होतं आणि स्टो मेंढरांचा बाजार. ते उचलून आणता येत नाही. आणि गेट लावलं की ते उगवतही नाही.

हे काही शहाणपणाचं बोलणं नाही, हिशोबाचं आहे. आपल्या वयाचे किती जण आज मुळशीत प्लॉट बघताहेत! हप्ता परवडतो, वीकएंड होम हवं असतं, 'गेटेड' हा शब्द ऐकला की बरं वाटतं. त्यात गैर काही नाही. पण प्रत्येक नव्या कंपाउंडसोबत एखादी पायवाट, एखादा गुरांचा रस्ता, एखाद्या देवळाकडे जायची जागा बंद होत असेल, तर पन्नास वर्षांनी इथे फक्त कंपाउंडं असतील आणि त्यांच्या मधून जाणारे रस्ते. व्ह्यू सगळ्यांना, गाव कुणालाच नाही.

टपऱ्यांची पेठ

चार वाजता खाली उतरलो आणि पेठ शहापूर ओळखू येईना! रस्त्यावर गाड्यांची रांग. मुंबईचे, पुण्याचे, पिंपरी-चिंचवडचे नंबर. गड उतरून आलेली कॉलेजची टोळकी. सकाळी ज्या पाच-सहा टपऱ्या होत्या, त्यांच्या आजूबाजूला आणखी फळ्या मांडल्या गेल्या होत्या. एका फळीवर काकड्या, मीठ-तिखट लावून. एकीवर करवंदाच्या लोणच्याच्या बरण्या. एका आजींकडे तांदूळ, छोट्या पिशव्यांत. दोन शाळकरी पोरं लिंबू-सरबत विकत होती आणि सुट्ट्या पैशांचा हिशोब आमच्यापेक्षा फास्ट करत होती.

"शनवार-रविवार आसंच," मावशी म्हणाल्या. आता त्यांच्याकडे बोलायला वेळ नव्हता. दोघी सुना मदतीला आल्या होत्या. मोठा मुलगा बंगल्यांवर माळीकामाला जातो, धाकटा इथेच चहा देतो. "पावसाळ्याचं चार म्हयनं आन दिवाळीपातुर धंदा हाय. मंग उन्हाळ्यात कुनी येत न्हाई. तवा भात घरचा खायचा."

मी आजींकडून दोन किलो तांदूळ घेतला. भाव न करता. आजींनी मूठभर जास्त घातला. "घरचा हाय, इंद्रायणी. पान्याला जास्त न्हाई ठेवायचं," अशी वर सूचना.

मग लक्षात आलं. माथ्यावरचा थांबा, दमून आलेली माणसं, पाणी, खाणं, तांदूळ. डोंगरावरच्या पेठेकडून बैलवाल्यांना हेच तर हवं होतं. वाट बदलली म्हणून पेठ गेली. आता पुन्हा वाट आली आहे, फक्त बैलांऐवजी आमच्या गाड्यांची. स्टोमध्येही हेच झालं. मेंढ्यांचा व्यापार कधीच संपला, आज तिथे अँटिक दुकानं आणि टी-रूम्स आहेत, आणि गिऱ्हाईक म्हणजे आमचे ऑनसाइटवाले मित्र. फरक इतकाच की त्या गावाने आपला चौक सांभाळून ठेवला होता, म्हणून नवं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्याला उभं करायला जागा होती. पेठ शहापूरला आज रस्त्याची कड आहे. चार फळ्या मांडायला, गाड्या लावायला, म्हाताऱ्या आजींना सावलीत बसायला गावाची अशी जागा मिळाली, राहिली, तर इथे पुन्हा पेठ होईल. नाही तर फळ्यांच्या जागी एखाद्या मोठ्या फूड कोर्टची पाटी येईल आणि या आजींचा तांदूळ पुन्हा एसटीने लोणावळ्याला जाईल.

यात आपल्या हातात फार नाही, पण अगदीच काही नाही असंही नाही. पुण्याहून निघताना आपण पाण्याच्या बाटल्या, चिप्स, केक, सँडविच, सगळं डिकीत भरून नेतो आणि परत येताना तिथे फक्त कचरा ठेवून येतो. हे उलटं करून बघा. डिकी रिकामी न्या, भरून आणा!

जायचं असेल तर...

कसं जाल : सरळ रस्ता हवा असेल तर पुणे-लोणावळा आणि तिथून ॲम्बी व्हॅली रोडने पेठ शहापूर, लोणावळ्यापासून साधारण वीस-बावीस किलोमीटर. वेळ आणि उत्साह असेल तर आमच्यासारखं पौड, मुळशी, निवे, भांबर्डेमार्गे जा. दर पावसाळ्यानंतर या रस्त्याचा मूड वेगळा असतो, त्यामुळे कमी उंचीची गाडी असेल तर आधी चौकशी करा. पेट्रोल पुण्यातच भरून घ्या. लोणावळ्याहून आंबवणे-भांबर्डे बाजूला एसटीही जाते, वेळा स्टँडवर विचारा.

कधी जाल : पावसाळ्यात धुकं आणि तुफान गर्दी. फोटोसाठी आणि लांबचं बघण्यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबर बेस्ट. सकाळी लवकर निघा, दुपारच्या उन्हात तटावर सावली नाही.

काय खाल : पौडला मिसळ, गडाखाली कांदाभजी आणि चहा. पिठलं-भाकरी हवी असेल तर चढायच्या आधी टपरीवर सांगून ठेवा, उतरेपर्यंत गरम तयार असते.

काय आणाल : घरचा तांदूळ, लोणचं, सीझनप्रमाणे काकडी. सुटे पैसे जवळ ठेवा, डोंगरात रेंज रुसली की क्यूआर कोड नुसता शोभेचा!

काय करू नका : तोफांवर चढून फोटो, तटावर नावं कोरणं आणि देवळाच्या आवारात स्पीकर. आणि हो, आजींशी तांदळाच्या भावावरून घासाघीस तर नकोच.